सिस्टर

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हा ज्या सिस्टर होत्या, त्यांनी ‘माझं नाव लिहू नका’ असं बजावलं आहे. म्हणून नुसतं सिस्टर म्हणतो.

श्रावणात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि डावी बरगडी चिऱ्याच्या कठड्यावर आदळली. उठलो, चार पावलं चाललोही. श्वास घेताना छातीत कळ यायची, ती समजण्यासारखी होती. पण डाव्या खांद्याच्या टोकाला असा ठणका लागला की हात धरून बसावं लागलं. वाडीतले सगळे धावले. कुणी खोबरेल कोमट करून आणलं, कुणी शेकायला वाळूची पुरचुंडी. शेजारचे भाऊ म्हणाले, खांदा निखळलाय, हाडवैद्याकडे नेऊ. त्या मायेचाही मी ऋणी आहे. केंद्र वाटेवरच होतं, म्हणून आधी तिथं थांबलो.

डॉक्टर शिबिराला गेले होते. सिस्टरनी खांदा दाबून पाहिला, हात वर उचलून, मागे नेऊन पाहिला. त्याने दुखणं तसूभरही वाढेना. मग मला आडवं निजवून त्यांनी पाय उशीवर ठेवले, आणि खांद्यातली कळ एकदम उसळली. त्यांनी नाडी धरली, रक्तदाब घेतला, डाव्या बरगडीखाली हलकेच बोटं टेकवली.

‘काका, पडताना खांदा आपटला होता?’

‘नाही. बरगडीच.’

‘मग दुखणं खांद्याचं नाही. पानथरीला लागलंय, आत रक्त जातंय असं वाटतं.’

108 ला फोन त्यांनीच केला.

डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांआड पानथरी असते. ती फाटली की रक्त श्वासपटलाखाली साचतं आणि त्याला चुरचुरतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते, आणि खांद्याची संवेदनाही मज्जारज्जूच्या त्याच भागात पोचते. मेंदूची गफलत होते, तो खांदा दुखतोय असं समजतो. हान्स केर या जर्मन सर्जनचं नाव या लक्षणाला आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. सिस्टरना ते त्या घटकेला, सोनोग्राफी नसताना, आठवलं होतं.

त्यांची ड्यूटी संपली होती, तरी अॅम्ब्युलन्समध्ये त्या माझ्याशेजारी बसल्या. सलाइनची बाटली एका हाताने धरून दुसऱ्या हाताने सारखी नाडी बघत होत्या. हल्ली पुष्कळदा पानथरी न काढताही भागतं. माझा रक्तस्राव थांबेना, म्हणून काढावी लागली. घरी चोळून-शेकून निजलो असतो तर वाचलो नसतो, असं सर्जननी माझ्या बायकोला सांगितलं.

बरा झाल्यावर आम्ही दोघं साडी घेऊन गेलो. ती त्यांनी घेतली नाही. चहा मात्र केला आणि म्हणाल्या, ‘शिकत असताना माडावरून पडलेला एक मुलगा वॉर्डात आला होता, असाच खांदा धरून. कळेपर्यंत उशीर झाला. ते पोर डोळ्यांपुढून जात नाही.’ तेव्हापासून त्या मुलाचंही माझ्यावर ऋण आहे. त्याचं नाव-गाव मला ठाऊक नाही. त्याच्या आईला कुणी कधी हे सांगितलं असेल का, याचा विचार मनात येतो.

सिस्टरांची बदली झाली. गणपतीत मी न चुकता फोन करतो. पानथरी नसलेल्या माणसाला जंतुसंसर्ग झटकन भारी पडतो, म्हणून इकडचं-तिकडचं विचारण्याआधी त्या न्यूमोनियाच्या लसीची तारीख विचारतात आणि दरडावतात, ‘ताप अंगावर काढायचा नाही, काका. त्याच दिवशी डॉक्टर.’