पाच तासांचा पाहुणा

सकाळी पाच तास काम, त्याच्या बदल्यात दोन वेळचे जेवण आणि पडवीत अंथरूण, असा करार करून मी गेल्या मे महिन्यात राजापूरकडच्या एका घरी आठ दिवस राहून आलो. ही पद्धत आता बऱ्याच देशांत रूढ आहे. १९७१ साली लंडनच्या स्यू कॉपर्ड या सेक्रेटरीबाईंनी ससेक्समधल्या एका शेतावर, शनिवार-रविवारपुरती, तिची सुरुवात केली. आमच्या कॉलेजात मात्र ही वार्ता पसरली तेव्हा 'सर, काही अडचण आहे का?' असे एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले!

एस.टी.तून उतरल्यावर तासभर सड्यावरून चालायचे. मे महिन्यात जांभ्या दगडाचा सडा चपलेतूनही चटके देतो. याच तालुक्यात बारसूच्या सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रे आहेत. कोरणाऱ्याने कोणता महिना निवडला असेल, एवढाच विचार त्या उन्हात मला सुचला.

घरात मुंबईची नोकरी सोडून परतलेला मुलगा, सूनबाई, एक शाळकरी नात आणि आजी. विजेचे खांब खालच्या वाडीपर्यंत आले आहेत; पुढे आणण्यासाठी यांनी अर्जच केला नाही. छपरावरच्या सौर तावदानांवर दिवे चालतात. मिक्सर लावायचा तो दुपारी बारा ते दोन. बॅटरी निम्म्याखाली उतरली की तिचे आयुष्य घटते, म्हणून रात्री नऊनंतर एकच दिवा. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. ते तितक्याच पाण्यात कालवणे हे माझे पहिले काम ठरले.

पण आजींना करार मान्य नव्हता. 'मास्तर, तुम्ही बसा. पाहुण्याने शेणात हात घालायचा नसतो,' असे म्हणून त्यांनी घमेले काढून घेतले. मुलगा म्हणे, 'आई, ते पाहुणे नाहीत.' तेव्हा आजींनी विचारले, 'मग कोण आहेत?' याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते आणि माझ्याजवळही नव्हते. शेवटी शेण माझ्याकडे आले, पण चहा मात्र त्या मला बशीसकट आणून देत. घरच्यांना नुसती फुलपात्री.

आगोटीची कामे चालली होती. लाकूडफाटा रचला, पातेरा गोळा करून सुपारीच्या रोपांच्या बुडाशी पसरला, आमसुलांची राखण केली. चौथ्या दिवशी रोपांना पाणी सोडले आणि टाकीची तोटी बंद करायला विसरलो. जेवून झोपलो. चार वाजता उठून पाहतो तो हजार लिटरची टाकी कोरडी!

विहिरीवरचा पंप फक्त उन्हावर चालतो, आणि ऊन डोंगराआड चालले होते. विहिरीत पाणी जेमतेम गुडघाभर. चार जनावरांनाच पंधरा कळश्या हव्यात. आम्ही रहाटाला लागलो. दहा-बारा कळश्या ओढल्या की पाणी गढूळ येई. मग झरा भरेपर्यंत काठावर बसून राहायचे. कोणी मला बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. त्या काठावर बसून मी पावसावरच्या कविता आजवर किती वर्षे शिकवल्या, ते मोजत होतो. साडेनऊला गोठ्यातले काम संपले. नातीची त्या रात्रीची अंघोळ राहिली.

या घरात पाण्याची एक वही आहे. रात्री मुलाने त्यात 'सुपारी – १००० लिटर' असे लिहिले. माझे नाव लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून मी पाच तासांनंतरही कुऱ्हाड सोडीना, तेव्हा त्याने ती काढून घेतली. 'करार पाच तासांचा आहे. जास्त केलेत तर ते आम्हाला फेडावे लागेल,' तो म्हणाला. हा हिशेब मला तेव्हा कठोर वाटला. हाताला फोड आले होते. आजींनी त्यांवर खोबरेल लावले. त्या दिवसापासून चहा मात्र फुलपात्रातून येऊ लागला.

जूनमध्ये विहीर भरल्याचे कळले. आता भातकापणीला या, असा निरोप आला आहे. विळा मला धरता येत नाही, हे मी आधीच कळवून टाकले आहे.