‘फ्रीडम’ला तुर्कीत काय म्हणावे?

१/ इंग्रजी ‘फ्रीडम’ मराठीत आणायचा झाला, तर लेखणी सहजच ‘स्वातंत्र्य’ लिहून मोकळी होते. तुर्की अनुवादकाला मात्र क्षणभर थांबावे लागते. त्याच्यासमोर निदान चार शब्द उभे असतात : ‘सेर्बेस्त’, ‘ह्युर्रियेत’, ‘इस्तिक्लाल’ आणि ‘ओझ्ग्युर्ल्युक’. वरवर समानार्थी भासणारे हे शब्द चार निराळ्या काळांत घडले आणि प्रत्येकाच्या पोटात बंधनाची निराळी कल्पना आहे. हा धागा त्या चार शब्दांचा, आणि वृत्तपत्रांविषयीच्या एका कायदेशीर वाक्याचा.

२/ प्रथम मूळ शब्द. इंग्रजीतही ही कल्पना एकाच शब्दात मावत नाही. ‘लिबर्टी’ लॅटिनमधून आला. तेथे ‘लिबेर’ म्हणजे जो गुलाम नाही तो. ‘फ्रीडम’ मात्र जर्मानिक कुळातील. त्यातील ‘फ्री’, ‘फ्रेंड’ आणि संस्कृत ‘प्रिय’ ही एकाच धातूची लेकरे असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जो घरचा, आपला, जिव्हाळ्याचा, तो मुक्त. दास तेवढा परका.

३/ तुर्कीतील ‘सेर्बेस्त’ पर्शियनमधून आला. ‘सर’ म्हणजे डोके, ‘बस्त’ म्हणजे बांधलेले. बांधलेल्या डोक्याचा शब्द मुक्तीसाठी वापरला जावा, हा चमत्कारच. परंतु उस्मानी दफ्तरांत त्याला नेमका अर्थ होता. ज्या जहागिरीतील दंड, फी अशी किरकोळ कलमेही इतर अंमलदारांकडे न जाता जहागीरदारालाच मिळत, ती ‘सेर्बेस्त’ तिमार. मराठी सनदांतील ‘दरोबस्त’ इनामाची येथे आठवण व्हावी. ‘बस्त’ तोच आणि संपूर्णतेचा भावही तोच. म्हणजे ‘सेर्बेस्त’ हा मुळात हक्क नव्हे. ती वरून मिळालेली सवलत.

४/ त्याच किरकोळ कलमांना उस्मानी महसुलात ‘बाद-इ-हवा’ म्हणत. वाऱ्यावर आलेले उत्पन्न. आजच्या तुर्कीतील ‘बेदावा’ त्याच शब्दयोजनेतून आला. अर्थ : फुकट. इंग्रजी ‘फ्री’ मोफत वस्तूलाही चालतो आणि मुक्त माणसालाही. तुर्कीने ही दोन घरे पहिल्यापासून वेगळी ठेवली.

५/ १७७४ मध्ये रशियाशी झालेल्या क्युच्युक कायनार्जाच्या तहाने क्रिमियाचे तातार उस्मानी सत्तेपासून वेगळे झाले. त्यांच्या नव्या स्थितीसाठी तुर्की मजकुरात ‘सेर्बेस्तियेत’ हा शब्द आला. महसुली सवलतीचा शब्द आता एका राज्याला लागला. नऊच वर्षांनी, १७८३ मध्ये, रशियाने क्रिमिया गिळंकृत केला. दिलेली सवलत काढूनही घेता येते, हे त्या शब्दाने तेव्हाच दाखवून दिले.

६/ दुसरा शब्द ‘ह्युर्रियेत’. आपल्याकडे बातम्यांतून परिचित असलेला ‘हुर्रियत’ तो हाच. अरबीत ‘हुर्र’ म्हणजे गुलाम नसलेला. काझीच्या दफ्तरात या भेदावर साक्ष, वारसा, विवाह अवलंबून असत. १७९८ मध्ये नेपोलियन बोनापार्तने इजिप्तमध्ये अरबी जाहीरनामा काढून आपले प्रजासत्ताक ‘हुर्रिया’वर उभे असल्याचे सांगितले. कैरोचा इतिहासकार अल्-जबर्ती याने त्यावर भाष्य केले : म्हणजे हे लोक ममलुकांसारखे गुलाम नाहीत. पॅरिसमधील राजकीय घोषणा कैरोत अशी थेट कायद्याच्या अर्थाने वाचली गेली.

७/ त्या शब्दात राजकारणाचा प्राण भरण्याचे मोठे श्रेय नामिक केमालच्या पिढीचे. १८६८ मध्ये त्याने आणि झिया पाशाने लंडनमध्ये, परागंदा अवस्थेत, ‘ह्युर्रियेत’ नावाचे वृत्तपत्र काढले. घरात कोणी गुलाम आहे की नाही, एवढाच प्रश्न आता उरला नाही. सुलतानापुढे अवघी प्रजा कोण आहे, असा तो प्रश्न झाला. १८७३ मध्ये केमालची रवानगी सायप्रसच्या किल्ल्यात झाली.

८/ डिसेंबर १८७६ मध्ये उस्मानी साम्राज्याला पहिली राज्यघटना मिळाली. तिच्या नवव्या कलमाने प्रत्येक उस्मानी प्रजाजनाला वैयक्तिक ‘ह्युर्रियेत’ दिली. बाराव्या कलमाने वृत्तपत्रे कायद्याच्या चौकटीत ‘सेर्बेस्त’ असल्याचे सांगितले. इंग्रजी अनुवादात दोन्ही ठिकाणी ‘फ्री’ आणि ‘फ्रीडम’ने काम भागते. तुर्कीत मात्र माणसाला लागलेला शब्द हक्काचा होता आणि छापखान्याला लागलेला सवलतीचा.

९/ हक्काच्या शब्दालाही सावली होतीच. १८५७ च्या फर्मानाने आफ्रिकी गुलामांच्या व्यापारावर बंदी आली होती, पण गुलामगिरी कायद्याने संपली नव्हती. चेर्केस मुलींची खरेदी-विक्री पुढेही चालू राहिली. सर्वांना ‘ह्युर्रियेत’ देणारे कलम जेव्हा लिहिले गेले, तेव्हा त्या शब्दाचा जुना, शब्दशः अर्थ ज्यांना लागू होत नव्हता अशी माणसे राजधानीच्या वाड्यांत राबत होती.

१०/ १८७८ मध्ये सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने संसद गुंडाळली. पुढील तीस वर्षे ‘ह्युर्रियेत’ हा शब्द छापणेही जोखमीचे झाले. जुलै १९०८ मध्ये राज्यघटना परत आली आणि वृत्तपत्रे सेन्सॉरला न दाखवता निघाली. लोकांनी त्या क्रांतीचे नावच ‘ह्युर्रियेत’ ठेवले. नऊ महिनेही लोटले नव्हते, तोच एप्रिल १९०९ मध्ये इस्तंबूलच्या गलाता पुलावर हसन फेहमी या संपादकाची गोळी घालून हत्या झाली. तो सत्ताधाऱ्यांचा कडवा टीकाकार होता. त्याच्या वृत्तपत्राचे नाव होते ‘सेर्बेस्ती’.

११/ तिसरा शब्द ‘इस्तिक्लाल’. हे देशाचे स्वातंत्र्य, परक्या सत्तेपासूनचे. १९२१ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रगीताच्या नावात तो आहे, इस्तंबूलच्या प्रसिद्ध रस्त्याच्या नावातही. तोच शब्द १९२० च्या ‘इस्तिक्लाल’ न्यायालयांच्या नावात होता. १९२४ च्या प्रजासत्ताक घटनेने वृत्तपत्रांविषयीचे जुने वाक्य कायम ठेवले : कायद्याच्या चौकटीत ‘सेर्बेस्त’. १९२५ च्या ‘ताक्रिर-इ स्युकून’ कायद्याखाली अनेक वृत्तपत्रे बंद झाली आणि काही पत्रकार त्याच न्यायालयांपुढे उभे राहिले. देश स्वतंत्र होता. त्याच्याच नावाने छापखाना बंद करता येत होता.

१२/ १९३२ मध्ये अतातुर्कच्या पुढाकाराने तुर्की भाषा संस्था स्थापन झाली आणि अरबी-पर्शियन शब्द काढून तुर्की शब्द घडवण्याची मोहीम सुरू झाली. त्या लाटेतला शब्द ‘ओझ्ग्युर्ल्युक’. ‘ओझ’ म्हणजे स्व, ‘ग्युर’ म्हणजे दाट, जोमदार. आपल्या ‘स्वतंत्र’मधील ‘स्व’ येथे भेटतो. मराठीतही त्याच सुमारास भाषाशुद्धीचा वाद पेटला होता आणि माधव जूलियन यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ १९३८ चा. परंतु मराठीत तो लेखकांचा वाद होता. तुर्कस्तानात शासन त्यामागे उभे होते. गुलामाची आठवण नसलेला, सवलतीचा वास नसलेला असा हा कोरा शब्द. तरी तोही फार दिवस कोरा राहिला नाही. साठ-सत्तरच्या दशकांत डावे तरुण ‘ओझ्ग्युर्ल्युक’ म्हणत आणि परंपरानिष्ठ ‘ह्युर्रियेत’. पहिल्या वाक्यातच बोलणाऱ्याचा पक्ष उघड होई.

१३/ १९६१ च्या घटनेत वृत्तपत्रांविषयीचे वाक्य अखेर बदलले. ‘सेर्बेस्त’ गेला, ‘ह्युर’ आला. वृत्तपत्रे ‘ह्युर’ आहेत, त्यांवर सेन्सॉर लादता येणार नाही. १९८२ च्या घटनेच्या २८ व्या कलमानेही हेच म्हटले. सवलतीचा शब्द जाऊन हक्काचा शब्द यायला ८५ वर्षे लागली. मात्र या दोन्ही घटना लष्करी उठावांनंतर लिहिल्या गेल्या. १९८२ च्या त्याच २८ व्या कलमात, कायद्याने निषिद्ध केलेल्या भाषेत काहीही प्रकाशित करता येणार नाही, असेही वाक्य होते. १९८३ च्या कायद्याने ती बंदी प्रत्यक्षात आणली आणि तिचा वार मुख्यतः कुर्दिश भाषेवर झाला. तो कायदा १९९१ मध्ये गेला. घटनेतील वाक्य २००१ पर्यंत टिकले.

१४/ येथे शब्दकोशाचे काम संपते. ‘फ्रीडम’साठी अचूक तुर्की शब्द सापडला की प्रश्न सुटला, असे या इतिहासात एकदाही घडले नाही. ‘सेर्बेस्त’ वृत्तपत्रांना कायद्याची चौकट घट्ट आवळू शकली, आणि ‘ह्युर’ वृत्तपत्रांतून एक अख्खी भाषा वगळता आली. वाक्यातला शब्द पाहावाच. पण त्याच्या पुढचे वाक्यही वाचावे. कोणाला वगळले, हे बहुधा तेथे लिहिलेले असते.

१५/ आणि ‘सेर्बेस्त’ अजून गेलेला नाही. मुक्त बाजारपेठेला आणि जलतरणातील फ्रीस्टाइलला आजही तोच शब्द आहे. तुर्कस्तानात अटकेतला पत्रकार सुटला, की बातमीत तो ‘सेर्बेस्त’ सोडला गेल्याचे छापून येते. घटनेनुसार त्याचे वृत्तपत्र ‘ह्युर’ असते, मोर्चातील फलकावर त्याच्यासाठी ‘ओझ्ग्युर्ल्युक’ मागितलेले असते, आणि तुरुंगाच्या दारातून तो बाहेर येतो तो सवलतीचाच शब्द सोबत घेऊन.