पाण्याचा एक रेणू, योग्य बाजूने

जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. त्या दिवसांत मी डॉक्टरेटसाठी एका जिवाणूतील विकराचे, म्हणजेच एन्झाइमचे, संगणकीय प्रतिरूप तयार करत होते. बातमीतल्या विषाची रचना शोधून पाहिली आणि थबकले. मध्यभागी फॉस्फरसचा अणू, त्याभोवती ऑक्सिजन: माझ्या पडद्यावर महिनोन्‌महिने असलेला तोच गाभा. माझ्यासाठी तोवर तो केवळ ऊर्जेचा हिशेब होता.

शेतातील विष आणि युद्धातील विष यांचे गोत्र एकच आहे. १९३६ साली जर्मनीत गेर्हार्ड श्राडर नवे कीटकनाशक शोधत असताना त्याच्या हाती टाबून लागले. पाठोपाठ सरीन आले. चेतासंस्थेवर घाला घालणारी ही विषे आपल्याच एका विकराला जायबंदी करतात.

त्या विकराचे नाव ॲसिटिलकोलीनेस्टरेज. चेतापेशीचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचला की निरोप्या रेणू तोडून जागा मोकळी करणे हे त्याचे काम. एकेक विकर सेकंदाला असे हजारो रेणू तोडते. विषाचा रेणू आला की त्यातील सेरीनचा ऑक्सिजन फॉस्फरसला धरतो, आणि तो बंध सहजासहजी सुटत नाही. एरवी पाण्याचा रेणू येऊन हा बंध तोडतो; येथे मात्र त्याला योग्य बाजूने शिरकाव मिळत नाही. निरोप साचत जातात, स्नायू आखडतात, श्वास थांबतो.

जिवाणूतील फॉस्फोट्रायएस्टरेजची युक्ती वेगळी. त्याच्या गाभ्यात जस्ताचे दोन आयन असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्यापासून बनलेला हायड्रॉक्साइड सेतूसारखा बसलेला असतो. विष आत आले की हाच हायड्रॉक्साइड फॉस्फरसवर एका बाजूने आदळतो, विरुद्ध बाजूचा गट गळून पडतो आणि विकर पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. आपले विकर विषाला पकडून स्वतः संपते; हे विकर विष तोडून उरते. शरीराच्या तापमानाला ऊर्जेचा अडसर मोलमागे अवघा सहा किलोज्यूल कमी झाला, की अभिक्रियेचा वेग दसपट होतो. माझ्या हिशेबातील दशांश चिन्हांचे मोल मला त्या जुलैत कळले.

या विकराच्या इतिहासात एक भारतीय नावही आहे. एन. सेतुनाथन यांनी योशिदा यांच्यासह फिलिपाइन्समधील भातखाचरांतून डायझिनॉन व पॅराथिऑन पचवणारा जिवाणू वेगळा केला आणि १९७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सेतुनाथन पुढे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत या विषयावर काम करत राहिले. पॅराथिऑनसारखी विषे माणसाने विसाव्या शतकात बनवली. काही दशकांतच चिखलातील जीवांकडे त्यांचा उतारा सापडला.

पण उतारा म्हणजे औषध नव्हे. पॅराऑक्सॉनवर विजेच्या वेगाने चालणारे हेच विकर व्हीएक्सपुढे अतिशय मंदावते. प्रयोगशाळेत एकेक अमिनो आम्ल बदलून त्याला वळण लावावे लागते. शिवाय जिवाणूचे प्रथिन रक्तात सोडले, तर शरीर त्याला परके मानते. एका चर्चासत्रानंतर एका डॉक्टरांनी मला विचारले, "माझ्या वॉर्डात आज रात्री रुग्ण आला, तर तुमच्या विकराचा मला काय उपयोग?" मी खरे तेच सांगितले: आज काही नाही, आज ॲट्रोपीन, ऑक्सिजन आणि तुमची जागरणे.

ते उत्तर मी विसरलेले नाही. विद्यार्थी विचारतात, भौतिकीच्या माणसाने जीवशास्त्रात काय करावे? मी त्यांना हा फॉस्फरसचा अणू दाखवते आणि विचारते, पाणी कोणत्या बाजूने येईल?