घाटांतील बोगदे आणि घरांतील हिशेब

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या मनुष्यानें कर्जत सोडल्यावर दोन गोष्टी कराव्यात असा जुना परिपाठ आहे. एक, हातांतील बटाटेवडा संपविणें. आणि दुसरी, घाटांतील बोगदे मोजणें. पहिली गोष्ट बहुतेकांना साधते. दुसरी मात्र आमच्या कुटुंबांत चार पिढ्यांत कोणालाहि दुसऱ्याचें समाधान होईल अशा रीतीनें साधलेली नाहीं. आमचें बिऱ्हाड गिरगांवांत आणि सोयरिकी बहुतेक पुण्याच्या. त्यामुळें लग्न, मुंज, बारसें, बाळंतपण अशा कोणत्या ना कोणत्या निमित्तानें आमच्या माणसांनीं हा घाट इतक्या वेळां ओलांडला आहे कीं, माजघर व ओसरी यांमधल्या उंबरठ्यासारखाच तो आम्हांला वाटतो.

हा उंबरठा बांधणें मात्र सोपें नव्हतें. घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी १८५८ सालींच आली. पण घाटांतून ती धावूं लागली १८६३ सालीं. मधल्या पांच वर्षांत उतारू खंडाळ्यास उतरत, पालखींतून, तट्टावरून अथवा गाड्यांतून घाट उतरत, आणि खोपोलीस पुन्हा आगगाडींत बसत. सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ सालीं येथें आला तो थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या पत्नीनें, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें, पतीचें अंगावर घेतलेलें काम तडीस नेलें. कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट असा चढ. त्यावर राबणारीं हजारों माणसें. आणि त्यांपैकीं कित्येकांनीं रोगराईनें व अपघातानें तेथेंच देह ठेवलेला. घाटांत आम्हीं पुष्कळ हंसलों आहों. पण ज्यांच्या कष्टांवर बसून हंसलों त्यांचें स्मरण अगोदर केलेलें बरें.

आमच्या घरीं घाटाच्या गोष्टींचा आरंभ १९२६ सालच्या एका प्रवासापासून होतो. त्या वर्षीं आजी लग्न होऊन पुण्याहून मुंबईस आली. वय अवघें चौदा. पणजोबांना प्रवासांत नग मोजण्याचा मोठा नाद. ट्रंका, वळकट्या, फिरकीचे तांबे, दशम्यांचा डबा, छत्री, सर्व कांहीं मोजून गाडी हलतांच त्यांनीं जाहीर केलें, “नग अठरा.” पणजीबाई हळूच म्हणाल्या, “येतांना तर सतरा होते.” त्यावर पणजोबा गंभीरपणें उत्तरले, “सून धरून.”

हा अठरावा नग कोपऱ्यांत बसून पदरानें डोळे पुशीत होता. त्या काळीं घाटांत एक उलट-स्टेशन होतें. गाडी सरळ चढूं वा उतरूं शकत नसे. एका टोंकाशीं येऊन ती थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूस जोडीत, आणि मग शेपटाकडचा डबा पुढें करून ती दुसऱ्या मार्गानें निघे. आजीला हें कोणीं सांगितलेलें नव्हतें. गाडी थांबली, धक्का बसला, आणि ज्या बाजूनें आलों त्याच बाजूस निघाली असें पाहून तिचा चेहरा एकदम उजळला. शेजारीं बसलेल्या नणंदेला तिनें विचारलें, “वन्सं, गाडी परत पुण्याला निघाली ना?” नणंद फिसकन् हंसली आणि ती गोष्ट डबाभर झाली. पणजोबा तेवढे हंसले नाहींत. ते म्हणाले, “सूनबाई, गाडी फिरली तरी तिकीट फिरत नाहीं. पण दिवाळीला आम्ही दुसरें काढून देऊं.” आणि त्यांनीं तें दिलेंहि. पुढें आमच्या घरांतून कोणतीहि सून माहेरीं निघाली कीं “काय, गाडी फिरली वाटतें?” असें विचारण्याची वहिवाटच पडली.

वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत बोगदा आला कीं खिडक्या लावण्याची धांदल उडे. तरी धूर आंत यायचा तो येईच. एकदां अशाच अंधारांत डब्यांतील बेसनाचे दोन लाडू नाहींसे झाले. उजेड पडल्यावर सर्व मुलांची झडती झाली. दोघांना चापट्याहि मिळाल्या. पुढच्या बोगद्यानंतर आजोबांच्या मिशीला बेसन लागलेलें आजीच्या दृष्टीस पडलें. चारचौघांत नवऱ्याला बोलण्याचा तो काळ नव्हे. तिनें डबा उचलून आपल्या मांडीवर ठेवला आणि मुलांना एवढेंच सांगितलें, “अंधारांत उंदीर फार झाले आहेत हो!”

१९२९ सालीं कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेचीं इंजिनें आलीं आणि धूर गेला. दुसऱ्याच वर्षीं, १ जून १९३० रोजीं, दख्खनची राणी सुरू झाली. पण तिच्यांत तिसरा वर्ग नव्हता. तो १९५५ सालीं आला. तोंवर आमच्या मंडळींनीं त्या राणीचें दर्शन फलाटावरूनच घेतलें.

आतां मुख्य वादाकडे वळूं. पणजोबा सांगत, बोगदे पंचवीस. वडील वहींत रेघा मारून सव्वीस म्हणत. धाकट्या काकांनीं निराळी युक्ति काढली होती. प्रत्येक बोगद्यास एक शेंगदाणा ते डाव्या खिशांतून उजव्या खिशांत टाकीत. परंतु खंडाळ्याच्या थंड हवेनें भूक लागत असल्यामुळें लोणावळ्यास उजव्या खिशांत नऊच शेंगदाणे निघाले. तरीहि नऊ हा आंकडा त्यांनीं बरेच दिवस सोडला नाहीं.

गंमत अशी कीं, शेंगदाण्यांचा हिशेब वगळला तर खोटें कोणीच बोलत नव्हतें. १८६३ सालच्या मार्गावर बोगदे पंचवीसच होते. पुढें १९२९ च्या सुमारास उलट-स्टेशन रद्द झालें, तेव्हां मार्ग वळविला गेला. कांहीं जुना भाग सुटला, नवे बोगदे खोदले गेले. त्यानंतर आणखी एक मार्गिका आली. कित्येक ठिकाणीं जाण्याचा व येण्याचा मार्ग एकमेकांपासून दूर असल्यामुळें एकाच दिवशीं जातांना व येतांना आंकडा जुळेल याची खात्री नाहीं. प्रत्येक पिढीनें आपापला घाट मोजला, आणि दुसऱ्या पिढीला वेड्यांत काढलें, एवढेंच!

२००२ सालीं द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून आमच्याकडील बरींचशीं मंडळी मोटारीनें जातात. नातवंडांना बोगदा म्हणजे मोबाईलवरचें चित्र क्षणभर थांबण्याचें ठिकाण. तरी मागच्या पावसाळ्यांत मीं त्यांना मुद्दाम आगगाडीनें नेलें. कर्जतला मागें इंजिनें जोडलीं, वडे झाले, आणि कोणीं न सांगतां धाकटी नात बोटें मोडूं लागली. लोणावळ्यापर्यंत तिचें थोरल्या भावाशीं दोन बोगद्यांवरून भांडण जुंपलें होतें. मला फार बरें वाटलें.

आजी ब्याऐंशी वर्षांची होऊन गेली. तिच्या अखेरच्या वर्षांत वडील व काका यांचा हाच वाद एकदां रंगला असतां मीं तिला विचारलें, “आजी, तूं तर सर्वांत अधिक वेळां गेलीस. बोगदे खरोखर किती ग?”

ती वाती वळीत होती. हात न थांबवितां म्हणाली, “मला कुठले ठाऊक असायला! मुंबईस जातांना डोळ्यांत पाणी असे, म्हणून दिसत नसत. आणि पुण्यास येतांना माहेर कधीं दिसतें याकडे लक्ष. मोजायला बसायचें तें तुम्हां पुरुषांनीं.”

वडील व काका दोघेहि गप्प झाले. त्या दिवसापुरता तो वाद मिटला.