कच्चे टाके

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : ३१ तारखेला लहान मुलांची हॅलोविन पार्टी, ड्रेस घरी केलेला हवा. झालं! सात वर्षांच्या आमच्या बयेनं जाहीर केलं, ‘मी चेटकीण.’ घरी केलेला म्हणजे कोणी करायचा? ऑफिसमधून रात्री नऊला परतणाऱ्या मी? मला शर्टाचं बटण लावता येतं, बस्स.

कपाटात आईची जुनी काळी चंद्रकळा होती. कुणी नेसत नव्हतं. मी कात्री घेऊन बसले, तेवढ्यात आई किंचाळलीच. ‘अगं, कापतेस काय? सोंगाची साडी कापतात का कधी?’

सोंगाची? मग आठवलं. बाबांची नोकरी मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यात होती, माझं लहानपण तिथलंच. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४पासून पालघरमध्ये गेलं. जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर गावोगावी बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजतो आणि टेंभ्यांच्या उजेडात गणपती, शारदा, रावण, नरसिंह, त्राटिका अशी एकामागून एक सोंगं नाचत येतात. कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे. बाईचं सोंगही पुरुषच घेतो. बऱ्याच सोंगांचा मान ठरलेल्या घराण्यांकडे असतो, पण साड्या? त्या मात्र आळीभरातून गोळा व्हायच्या. शेजारचे काका दारात उभे, ‘वहिनी, यंदा त्राटिकेला काळं लुगडं द्या.’ आईनं ही पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा दिली. साडी सकाळी घडी घालून परत आली, पदराजवळ आठ आण्याएवढं भोक पडलेलं. टेंभ्याची ठिणगी. आजीला कळू नये म्हणून आई पुढे कित्येक वर्षं ते भोक आत मुडपून नेसली. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

तर, कापायचं नाही. आईनं साडी लांबीत दुमडली, वरच्या घडीतून नाडी ओवली आणि पोरीच्या कमरेला घट्ट बांधून चुण्या पसरल्या. खाली लोळणारं कापड आत मुडपून दुहेरी दोऱ्यानं लांब लांब कच्चे टाके. ‘उद्या एका ओढीत सुटले पाहिजेत,’ ती म्हणाली. पदर पाठीवरून झग्यासारखा, खांद्यावर दोन पिना. अर्ध्या तासात काम तमाम. मशीनला हातसुद्धा लावला नाही.

मग मी म्हटलं, पुठ्ठ्याचा मुखवटा करू या, त्राटिकेचा. इथं मात्र आई अडली. मुखवट्याची पूजा होते, सोंग घेणाऱ्याला लोक हात जोडतात. ‘पार्टी झाल्यावर तो कुठे टाकणार आहेस? कचऱ्याच्या डब्यात?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून पोशाखासोबत मुखवटेही डब्यात मिळायला लागले. आयर्लंड-स्कॉटलंडकडे त्याच्या कितीतरी आधी मुलं घरातलेच जुने कपडे चढवून, तोंडाला काजळी फासून दारोदार फिरायची. आम्हीही काजळावर भागवलं.

पार्टीत बाकी सगळे ऑनलाइन मागवलेले स्पायडरमॅन आणि व्हॅम्पायर. (‘घरी केलेला’ हे बहुधा फक्त आम्हीच वाचलं होतं!) कुणीतरी विचारलं, ‘तू विच का गं?’ आमची बया फणकाऱ्यानं म्हणाली, ‘नाही. त्राटिका.’ आणि संबळ नसताना अशी काही गिरकी घेतली की एक पिन उडालीच.

सकाळी आई खिडकीत बसून टाके ओढत होती. मी म्हटलं, ‘ते भोक रफू करून आणू का?’ तिनं नुसती मान हलवली आणि साडीची घडी घातली, भोक वर येईल अशी.

पोरीला आता खरा बोहाडा बघायचाय. रजेचा अर्ज टाकलाय, तोही मार्च एंडच्या तोंडावर. बॉसचं काय सोंग निघतं, बघू!