अर्ध्यात सोडलेलं डाउनलोड

लॅबमध्ये चाळीस मशीन आणि बाहेर जायला २ एमबीपीएसची एकच लाइन. ७०० एमबीची लिनक्सची आयएसओ उतरवायची तर लाइन अगदी मोकळी असली तरी पाऊण तास जायचा. दर बॅचला तीच फाइल, तोच पाऊण तास. म्हणून मी स्क्विड बसवला, म्हणजे एकदा आणलेली फाइल साठवून पुढच्याला देणारी प्रॉक्सी.

मुळात स्क्विड ४ एमबीपेक्षा मोठी फाइल साठवत नाही. मी 'मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइझ' १ जीबी केली, तरी लॉगमध्ये आपलं मिस, मिस, मिस, म्हणजे फाइल साठ्यात नाहीच. दोन दिवसांनी उमगलं, की ती ओळ 'कॅश डिर'च्या वर हवी. मी ती फाइलच्या तळाशी टाकली होती.

खरी फजिती पुढेच होती. मुलं डाउनलोड मॅनेजर वापरत. तो एका फाइलचे आठ तुकडे करून आठ जागांहून मागतो, आणि स्क्विडला तुकडे साठवता येत नाहीत. मग मी 'रेंज ऑफसेट लिमिट' उणे एक केलं, म्हणजे कुणी तुकडा मागितला तरी अख्खी फाइल आणायची. 'क्विक अॅबॉर्ट मिन'ही उणे एक, म्हणजे मागणारा उठून गेला तरी काम पुरं करायचं. कागदावर झकास! एका पोराने दुपारी आयएसओ लावली, कंटाळून बंद केली आणि घरी गेला. स्क्विडने मात्र आठ तुकड्यांसाठी आठ वेळा अख्खी फाइल आणायला घेतली होती. साडेपाच जीबी, सहा तासांचं काम. ऑफिसातले प्रवेशअर्ज जागचे हलेनात आणि प्राचार्यांचा शिपाई दोनदा येऊन गेला. स्क्विडची चूक नव्हती. त्याने सांगितलं तेच केलं, तेही किती निष्ठेने!

दोन्ही उणे एक मी काढून टाकले. त्यापेक्षा रात्री अकराला क्रॉनने वीगेट चालवायचं, प्रॉक्सीमधूनच, आणि आलेली फाइल सरळ डेव्ह नलमध्ये. फाइल फेकली तरी प्रत स्क्विडकडे राहतेच. ती टिकावी म्हणून जागा मोकळी करायचं धोरणही बदललं: एलआरयूऐवजी एलएफयूडीए, जे आकार न बघता मागणी बघतं. सकाळी तुकडा मागितला तरी तो साठ्यातूनच कापून मिळतो.

आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर गेल्या. स्क्विडला नुसता बंद बोगदा दिसतो. डेबियनची पॅकेजं मात्र सहीवरून तपासली जातात, त्यामुळे ती साध्या एचटीटीपीवरून घेता येतात. परवा लॅबभर अपडेट लावलं. पहिल्या मशीनला मिस, मग हिट, हिट. सातव्या मशीनपर्यंत लॉग बघत बसलो आणि मग चहाला गेलो.