चिलटें, माती आणि आमचे कूर्मराव

मुका जीव घरांत आणणें सोपें. त्याच्या प्रकृतीस मानवेल असें घर त्यास देणें कठीण. गाईस गोठा आणि माशांस काचेची पेटी ही व्यवस्था सर्वांस ठाऊक असते. परंतु कांसवास काय द्यावें असें विचारल्यास आपल्यापैकीं बहुतेकजण देवळाच्या सभामंडपांतील दगडी कूर्माकडे बोट दाखवितील. त्या कूर्मास फरशी पुरते. जिवंत कांसवास माती लागते. आणि ती कोणती, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलीं आपल्याकडील कांसवें पकडणें व पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. तेव्हां कांसवानें घरांत लक्ष्मी येते असें कोणी सांगितलें, तरी वाचकांनीं बाजाराची वाट धरूं नये. आम्ही इंग्लंडांत राहतों. आमचें कांसव मध्य आशियांतील, हॉर्सफील्डच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जातीचें असून, तें पाळण्यास येथील कायद्याची आडकाठी नाहीं. शेजारच्या एका वृद्ध बाईंस आपलें घर सोडून वृद्धाश्रमांत जावें लागलें, तेव्हां त्यांनीं तें आमच्या स्वाधीन केलें. मुलांनीं त्याचें नांव कूर्मराव ठेविलें.

या जातीचा आणि मुंबईचा एक संबंध आहे. सप्टेंबर १९६८ मध्यें सोव्हिएत रशियानें झोंड-५ या यानांतून अशीं दोन कांसवें चंद्राभोवतीं फिरवून आणलीं. यान हिंदी महासागरांत उतरलें. जहाजानें तें मुंबईस आणण्यांत आलें आणि तेथून विमानानें स्वदेशीं गेलें. ही हकीकत कळल्यापासून आमच्या मातोश्री कूर्मरावांस ‘अहो’ म्हणूं लागल्या.

तो आदर हिवाळ्यांत मात्र कसास लागला. घरांत चिलटें झालीं. चहाच्या पेल्यांत चिलट, दिव्याभोवतीं चिलटें, आणि एके दिवशीं तर नैवेद्याच्या वाटींतही! मातोश्रींनीं स्पष्ट सांगितलें, “हें प्राणी ठेवायचें कीं देव ठेवायचे, तें एकदां ठरवा.” हा विनोद नव्हता. वृद्धाश्रमांतील त्या बाईंस आम्हीं शब्द दिला होता, आणि इकडे मातोश्रींचा शब्दही मोडवत नव्हता.

घरांतील तरुण मंडळींनीं लगेच उपाय सुचविले. कोणी म्हणालें, माती काढून वर्तमानपत्रें पसरा. कोणी म्हणालें, कोरडी वाळू घाला. कोणी लांकडाचा भुसा सांगितला. तिन्हींनीं चिलटें गेलीं असतीं, पण कांसवाचें जिणेंही गेलें असतें. हा प्राणी आपल्या मूळच्या रुक्ष प्रदेशांत उन्हाळा आणि हिवाळा बिळांत काढतो. त्या बिळांतील ओलावा हाच त्याचा आधार. कागदावर त्यास खणतां येत नाहीं. निवळ वाळू अन्नाबरोबर पोटांत जाऊन आंतडीं तुंबवूं शकते. देवदार व पाइन यांच्या भुशांतील उग्र तेलें त्यास बाधतात. शिवाय कोरडेपणाचा दोष पाठीवर उमटतो: व्हिएन्ना येथें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, आफ्रिकेंतील एका जातीचीं पिल्लें कोरड्या हवेंत वाढविल्यास त्यांच्या कवचावर उंचवटे अधिक येतात असें आढळलें. उलट, चिखल झाल्यास कवच कुजतें. म्हणून खत न घातलेली बागेची माती, तींत थोडी धुतलेली वाळू, आणि थर इतका खोल कीं कूर्मराव त्यांत सबंध गडप व्हावेत, हीच योजना आम्हीं कायम ठेविली.

मग चिलटांचें काय? शत्रूची प्रथम ओळख पटविली. कच्च्या बटाट्याची चकती मातींत दाबून तिच्यावर कौलाचा तुकडा ठेविला. तीन-चार दिवसांनीं खालीं काळ्या डोक्याच्या पांढुरक्या बारीक अळ्या जमलेल्या दिसल्या. हीं फळांवरचीं चिलटें नव्हत. बुरशी आणि कुजका पाला यांवर जगणारीं मातींतलीं होतीं. तीं चावत नाहींत, कांसवास अपाय करीत नाहींत; पण वरचा दोन इंच थर ओला राहिला कीं त्यांचा वंश तीन-चार आठवड्यांत दुप्पट-चौपट नव्हे, कितीतरी पट होतो.

आणि येथें उपाय सांपडला तो मातोश्रींच्याच बोलण्यांत. खिडकींतील तुळशीच्या कुंडीकडे पाहून त्या म्हणाल्या, “अरे, या तुमच्या थंड मुलखांत तुळशीला रोज वरून पाणी घातलें, तर तिलाहि हींच चिलटें होतात. मी खालच्या ताटलींत पाणी घालतें. वरची माती सुकी, मुळें ओलीं.” तेंच आम्हीं केलें. पाणी चारी कोपऱ्यांतून तळाशीं सोडलें, वरचा थर सुकूं दिला. पालेभाजी दगडी पाटीवर वाढून सायंकाळीं उरलेली उचलली. चिकट पिवळे कागद कांसवाच्या तोंडापासून दूर, उंच टांगले. येथील माळी लोक विकत घेतात ते सूक्ष्म कृमी पाण्यांतून मातींत सोडले. ते अळ्यांचाच नाश करतात, कांसवास शिवत नाहींत. औषधाचा फवारा मात्र घरांत येऊं दिला नाहीं. महिन्याभरानें चिलटें विरळ झालीं, दुसऱ्या महिन्यांत दिसेनाशीं झालीं. त्या बाईंस आम्हीं तसें पत्रानें कळविलें.

हें कांसव चाळीस-पन्नास वर्षें सहज जगूं शकतें. आम्ही त्याचें शेवटपर्यंत करूं असें म्हणणें धाडसाचें होईल. तें आज पाटीवर पाला वाढणाऱ्या मुलांकडे जाईल. म्हणून त्यांना माती कशी कालवावी आणि पाणी कोठून सोडावें हें शिकविणें, हा आमच्या मतें त्याच्या संगोपनाचाच भाग आहे. घरांतील वडीलधाऱ्यांचें शहाणपण पुढच्या पिढीच्या हातीं देतां येतें, हा एकत्र कुटुंबाचा लाभ माणसांपुरताच असावा असें थोडेंच आहे?